मुंबईचा क्षय, कोकणातील मृत्यू : विभागवार मृत्युदरांची समीक्षा

विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या मुंबईतील क्षयरोगाचे विवेचन बहुधा नगरपालिकेच्या विभागवार मृत्युदरांच्या आधारे केले जाते. दाट वस्तीत क्षयाचे मृत्यू अधिक, हा निष्कर्ष ढोबळमानाने ग्राह्य आहे. तथापि हे दर म्हणजे रोगाचा नकाशा नव्हे. मृत्यू कोठे नोंदला गेला याचा तो नकाशा होय.

१९११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ९,७९,४४५ होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या ५३० होत्या. ही तफावत प्रामुख्याने एकट्याने आलेल्या श्रमिकांमुळे निर्माण झाली होती व त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यातील चाकरमानी मुंबईत राबे, चाळीतील कोंदट खोलीत अनेकांसह राही आणि आजार बळावला की आगबोटीने गावी परते. क्षय सावकाश मारतो, म्हणूनच हा परतीचा प्रवास शक्य होई. त्याचा मृत्यू गावच्या नोंदवहीत, अनेकदा नुसत्या ‘ताप’ या सदरात, जमा होई. मुंबईत त्याच्या जागी धडधाकट तरुण येई. अशा रीतीने अंश कोकणात गेला, छेद मुंबईत राहिला आणि श्रमिक विभागांचा दर प्रत्यक्षाहून सौम्य दिसू लागला.

स्थलांतराचा परिणाम नेहमी याच दिशेने होतो असे मात्र नाही. १९२१ मध्ये मुंबईचा बालमृत्युदर हजारी सुमारे ६६६ नोंदला गेला. अनेक जन्म गावी होत, तर काही अर्भकांचे मृत्यू मुंबईत होत. त्यामुळे तो आकडा काही अंशी फुगलेला आहे. एकच प्रवास एका दराला घटवतो, दुसऱ्याला वाढवतो.

या आकड्यांवर धोरणेही उभी राहिली. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दाट वस्त्या पाडल्या. विस्थापित कुटुंबे शेजारच्या चाळींत दाटली. अशा वेळी एखाद्या विभागाचा घटलेला दर म्हणजे रोगाचा पराभव, असे मानणे धाडसाचे ठरते.

तात्पर्य, मुंबईच्या विभागांचे दर रत्नागिरी जिल्ह्यातील मृत्युनोंदींसह, वय व लिंग यांनुसार वाचले पाहिजेत. अन्यथा गिरणीने झिजवलेला आणि गावाने दहन केलेला माणूस दोन्हीकडच्या इतिहासातून गळतो.