प्रणाली-नोंदवहीची साक्ष : ‘लॉगर’ कमांडचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना

कमांड-लाइनवर चालणाऱ्या प्रोग्रामचे आउटपुट पडद्यावर उमटते आणि पुढे सरकून नाहीसे होते. समोर माणूस बसलेला असेल तर तो ते वाचतो. परंतु मध्यरात्री ‘क्रॉन’ने आपोआप सुरू केलेल्या कामाचे आउटपुट वाचण्यास कोणीही उपस्थित नसते. क्रॉन असे आउटपुट संबंधित वापरकर्त्यास मेलने पाठविते. मात्र ज्या यंत्रावर मेलची व्यवस्था केलेली नाही, तेथे ते कोणाच्याही हाती लागत नाही. यावर युनिक्स आणि लिनक्स प्रणालींतील सर्वपरिचित उपाय म्हणजे हे आउटपुट पाइपद्वारे ‘लॉगर’ या कमांडकडे सोपवून प्रणालीच्या सामाईक नोंदवहीत, म्हणजेच सिस्टिम लॉगमध्ये, दाखल करणे होय. उपाय एका ओळीचा असल्याने तो लोकप्रिय झाला. मात्र नोंद झाली म्हणजे पुरावा झाला, असे त्यामागील गृहीतक आहे. ते कितपत टिकते, याचे परीक्षण करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पार्श्वभूमी

‘सिसलॉग’ ही नोंदपद्धती एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात ‘सेंडमेल’ या मेलवाहक प्रोग्रामसाठी निर्माण केली. पुढे इतर प्रोग्रामही तिचा उपयोग करू लागले. १९८६ च्या ४.३ बीएसडी आवृत्तीत लॉगर ही कमांड आली आणि शेल-स्क्रिप्ट लिहिणाऱ्या सामान्य वापरकर्त्यासही या नोंदवहीत लिहिण्याची सोय झाली. रूढ झालेल्या या पद्धतीचे वर्णन २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात करण्यात आले, तर २००९ मध्ये आरएफसी ५४२४ ने तिला प्रमाणित रूप दिले.

सिसलॉगमधील प्रत्येक संदेशासोबत दोन गोष्टी असतात : संदेश कोणत्या विभागाचा आहे हे सांगणारा क्रमांक आणि त्याची तीव्रता. विभाग २४ असून तीव्रतेच्या ८ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे त्रुटी, पाच म्हणजे दखलपात्र परंतु सामान्य घटना आणि सात म्हणजे केवळ दोषशोधनासाठीची माहिती. विभागाच्या क्रमांकास आठाने गुणून त्यात तीव्रता मिळविली की संदेशाचा प्राधान्यांक येतो. वेगळी सूचना न दिल्यास लॉगर प्रत्येक ओळीस वापरकर्ता-विभाग (१) आणि तीव्रता ५, म्हणजे प्राधान्यांक १३, देते. परीक्षणाचा पहिला मुद्दा येथेच उपस्थित होतो.

तीव्रतेचा प्रश्न

युनिक्समधील प्रोग्रामला बाहेर बोलण्यासाठी दोन वाटा असतात : प्रमाण आउटपुट आणि प्रमाण त्रुटी-प्रवाह. पहिल्या वाटेने कामाचे फलित जाते, दुसऱ्या वाटेने तक्रार जाते. पाइपमधून स्वभावतः पहिलाच प्रवाह वाहतो. त्यामुळे तक्रारही नोंदविली जावी म्हणून दोन्ही प्रवाह एकत्र करून लॉगरकडे देण्याचा प्रघात पडला आहे. परिणामी ‘फाइलची प्रत तयार झाली’ आणि ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ ही दोन्ही वाक्ये एकाच तीव्रतेने, शेजारी शेजारी नोंदविली जातात. केवळ त्रुटीच वेगळ्या काढून पाहणाऱ्या प्रशासकास दुसरे वाक्य दिसतच नाही. प्रोग्रामने स्वतः केलेला भेद नोंदवहीत पोहोचण्यापूर्वीच पुसला जातो.

काळाचा प्रश्न

नोंदीवरील वेळ ही घटनेची वेळ आहे, असा वाचकाचा समज असतो. प्रत्यक्षात लॉगरने लावलेली वेळ ही ओळ लॉगरच्या हाती पडल्याची वेळ असते. कार्यालयाच्या आवक नोंदवहीत पत्र लिहिल्याची नव्हे, तर पत्र पोहोचल्याची तारीख असते. तसाच हा प्रकार आहे. हे अंतर प्रत्येक वेळी नगण्य असते असे नाही. सी भाषेच्या ग्रंथालयाचा आधार घेणारे प्रोग्राम टर्मिनलवर ओळ पूर्ण होताच ती पाठवितात. परंतु आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर ते साठवून एकगठ्ठा पाठविले जाते. त्रुटी-प्रवाह मात्र असा साठविला जात नाही. त्यामुळे दोन्ही प्रवाह एकत्र केले असता तक्रार आधी आणि तिच्यापूर्वी घडलेल्या कामाचा वृत्तांत नंतर, असा उलटा क्रम नोंदवहीत दिसू शकतो. शिवाय आरएफसी ३१६४ मधील जुन्या वेळ-नमुन्यात वर्षाचा आणि कालविभागाचा उल्लेखच नाही. ही उणीव आरएफसी ५४२४ ने दूर केली.

यशापयशाचा प्रश्न

सर्वांत गंभीर मुद्दा हा आहे. प्रत्येक प्रोग्राम संपताना समाप्तीचा संकेतांक मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश आणि अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. शेलमध्ये पाइपने जोडलेल्या साखळीचा संकेतांक हा साखळीतील शेवटच्या कमांडचा मानला जातो. शेवटची कमांड लॉगर असेल आणि तिने नोंद नीट केली असेल, तर मूळ काम फसले तरी शेलला यशच कळते. उदाहरणार्थ, एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीची नवी प्रत काढणे आणि ती निघाल्यास जुनी प्रत पुसणे, असे दोन टप्प्यांचे रात्रीचे काम कल्पावे. नव्या प्रतीचे आउटपुट लॉगरकडे वळविले असेल, तर प्रत न निघताही जुनी प्रत पुसली जाईल. नोंदवहीत अपयशाची ओळ असेल, तीही सामान्य तीव्रतेची; सूची मात्र दोन्ही ठिकाणी नसेल. नोंद ठेवण्याच्या कृतीनेच येथे हानी घडविलेली असते.

कर्त्याचा प्रश्न

लॉगरला कोणतेही नाव खूण म्हणून देता येते. सामान्य वापरकर्ताही ‘एसएसएचडी’सारख्या सेवेच्या नावाने ओळ लिहू शकतो. प्रक्रिया-क्रमांक नोंदविण्याचा पर्याय वापरल्यास येणारा क्रमांक मूळ प्रोग्रामचा नसून लॉगरचा असतो. म्हणजे पारंपरिक नोंदीतील नाव हा लिहिणाऱ्याचा दावा असतो, त्याची ओळख नव्हे. २०११ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘सिस्टिमडी जर्नल’ने या दोषाचा विचार केलेला दिसतो. लिहिणाऱ्या प्रक्रियेचा व वापरकर्त्याचा क्रमांक तेथे नोंदवही स्वतः जोडते आणि लिहिणाऱ्यास ती क्षेत्रे बदलता येत नाहीत.

उपायांचे मूल्यमापन

वरील दोष असाध्य नाहीत. बॅश शेलमधील ‘पाइपफेल’ हा पर्याय लावल्यास साखळीतील कोणत्याही कमांडचे अपयश लपत नाही. दोन प्रवाह वेगवेगळ्या लॉगरकडे वळवून त्रुटी-प्रवाहास तीव्रता ३ देता येते, मात्र त्यामुळे दोन्हींतील परस्परक्रमाची खात्री उरत नाही. ‘एसटीडीबफ’ या कमांडने अनेक प्रोग्रामचे आउटपुट ओळीओळीने सोडता येते. ‘सिस्टिमडी-कॅट’ला प्रोग्रामच सोपविला, तर त्याचे आउटपुट पाइपशिवाय थेट जर्नलमध्ये जाते आणि समाप्तीचा संकेतांकही अबाधित राहतो. यांपैकी प्रत्येक उपाय एका प्रश्नाचे उत्तर देतो. चारही प्रश्नांचे उत्तर एकाच पर्यायात मिळत नाही. कोणती ओळ महत्त्वाची, हे ठरविण्याचे काम शेवटी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याकडेच राहते.

हा दोष लॉगरच्या रचनाकारांचा मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३ मध्ये युनिक्समध्ये आलेल्या पाइपमधून केवळ अक्षरे वाहतात. हेतू, क्रम आणि परिणाम वाहत नाहीत. अर्थ न लावता वाहून नेणे हेच पाइपचे बळ आहे आणि त्यामुळेच कोणताही प्रोग्राम कोणत्याही प्रोग्रामशी जोडता येतो. दोष आहे तो वाहून नेणे आणि साक्ष देणे या दोन गोष्टी एकच मानण्यात.

समारोप

भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्था यांना आपल्या संगणक-प्रणालींचे लॉग १८० दिवस जतन करणे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळविणे बंधनकारक झाले. घड्याळ अचूक असले तरी ओळ उशिरा पोहोचली तर वेळ चुकीचीच नोंदविली जाते. लॉग जतन झाला तरी त्यातील अपयशावर यशाचा शिक्का असू शकतो. महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत लॉगरची एक ओळ शिकविणे सोपे आहे. त्याच तासाला मुद्दाम फसणारा एखादा प्रोग्राम तिला जोडून, नोंदवहीत काय दिसते आणि शेलला काय कळते, हे विद्यार्थ्यांकडून पडताळून घेतले, तर नोंदवही वाचतानाची त्यांची दृष्टी अधिक सावध होईल.