कपाटाची किल्ली कुणाकडे?

मंडळी, शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तकं असावीत यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. याद्याही निघतात. आज आपण पुस्तकं बाजूला ठेवू आणि हायस्कूलमधली ती खोली, तिथलं फर्निचर आणि तिथे बसणारा माणूस, एवढंच बघू.

विषय किरकोळ वाटेल. एस. आर. रंगनाथन यांना तो वाटला नव्हता. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ मध्ये त्याने ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. पहिलं सूत्र सांगतं की पुस्तकं वापरायची असतात. यात काय मोठं, असं कुणीही म्हणेल. पण तेवढ्यावरून ते ग्रंथालयाची जागा, वेळ, फर्निचर आणि सेवक असं सगळं तपासायला घेतात. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीने बांधून ठेवत, त्याची आठवणही करून देतात.

तीच तपासणी आपल्या नेहमीच्या हायस्कूलची करू. खोली बहुधा वर्गाला उपयोगी नसलेली. जिन्याखालची, नाहीतर वरच्या मजल्यावर टोकाची. तिथेच नकाशांच्या गुंडाळ्या, खेळाचं सामान, परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. नवी तुकडी वाढली की पहिली गदा याच खोलीवर. साठ मुलांचा वर्ग आत मावत नाही, म्हणून ग्रंथालयाचा तास वर्गातच होतो. होतो म्हणजे, वेळापत्रकात असतो. (हशा)

आणि लोखंडी कपाट! आमचा खरा राग त्याच्यावर आहे. दारं पत्र्याची, आतलं काहीच दिसत नाही. सातवीतल्या मुलीने मागायचं काय? जे पुस्तक डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचं नाव ती कुठून सांगणार? मग ती म्हणते, ‘बाई, गोष्टीचं द्या एखादं.’ बाई हाताला येईल ते देतात. पुस्तक चाळून, नको म्हणून परत ठेवून, दुसरं काढण्यात वाचक घडतो. ते या कपाटासमोर होऊच शकत नाही. साखळी गेली, कुलूप आलं, एवढाच फरक.

इथे ग्रंथपालाला दोष देणं सोपं आहे, पण तो अन्याय होईल. प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक असतो आणि एक जरी कमी भरलं तरी जबाब त्याच माणसाला द्यायचा असतो. त्यात पदाचा ढोबळ हिशोब बघा: पट हजारावर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असेल तर अर्धवेळ, त्याखाली पदच नाही. अर्धा पगार, जबाबदारी मात्र सगळ्या कपाटांची. असा माणूस कुलूप लावणार नाही तर काय करील? लहान शाळेत तर किल्ली एखाद्या भाषेच्या शिक्षकाकडे, आणि त्यांना तास घेऊन उसंत कुठे?

हा हिशोब उलटा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीनशे पटाची शाळा बहुतेक वेळा खेड्यातली असते. तिथल्या कित्येक मुलांच्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नसतं. ज्यांना ग्रंथपालाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला तो येत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा घ्या. त्याच्या परिशिष्टात ग्रंथालय आहे, वर्तमानपत्रं-मासिकंही आहेत. सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ निदेशक आहेत. ग्रंथपाल मात्र त्यात नाही. पुस्तकं आपोआप मुलांपर्यंत जातात, असं गृहीत धरलेलं दिसतं.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो निघतो. सोळा तारखेला ती परत कपाटात.

आमचं मागणं फार नाही. एका कपाटाची दारं काढा. पाचवीतल्या पोराचा हात पोचेल अशा उंचीच्या दोन फळ्या व्हरांड्यात लावा. आणि वर्षाला ठरावीक पुस्तकं हरवली तर ती विनाचौकशी निर्लेखित करायची मुभा द्या. ‘पुस्तकं जातील हो!’ जातील, काही नक्की जातील. बंद कपाटात वाळवी खाते त्यांचा जबाब कोण मागतं?

सभागृहात दोन-तीन मुख्याध्यापक बसलेले दिसतायत. त्यांची अडचण आम्हाला ऐकायची आहे. माईक तिकडे द्या.