मानवतचे तिसरे दार

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात तेथे एकामागून एक दहा खून झाले. मृतांत बहुतेक लहान मुली आणि स्त्रिया होत्या. पिंपळाखालच्या मुंजाला संतुष्ट करून गुप्तधन मिळवावे आणि एका स्त्रीची कूस उजवावी यासाठी हे बळी दिले गेले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 साली त्याचा शेवट झाला. प्रत्यक्ष वार करणारे म्हणून जे ठरले त्यांच्यापैकी काहींची फाशी कायम झाली. ज्यांच्या इच्छेखातर हे सारे घडले असे सांगितले गेले, तो धनिक गृहस्थ आणि त्याची स्त्री मात्र सुटली.

मी मराठवाड्यातच वाढलो. बालपणी आमच्या घरी ‘मानवत’ हे गावाचे नाव नव्हते, ती एक ताकीद होती. थोरली बहीण सरपणाला एकटी निघाली की आजी एवढा एकच शब्द उच्चारीत असे आणि बहीण उंबऱ्यातूनच परत फिरे. म्हणूनच 2024 साली ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली तेव्हा ती मी निव्वळ करमणूक म्हणून पाहू शकलो नाही. त्या निमित्ताने ‘आक्रीत’ हा जुना चित्रपट पुन्हा पाहिला आणि पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे आठवणींचे इंग्रजी पुस्तकही काढून बसलो. या तिन्ही कथनांचा येथे एकत्र विचार करावयाचा आहे; कारण मानवतची गोष्ट आपण कोणत्या दाराने सांगतो यावर आज हरवलेल्या स्त्रीचा शोध आपण कसा घेतो हेही अवलंबून आहे, असे मला वाटते.

‘आक्रीत’ हा 1981 सालचा चित्रपट. अमोल पालेकर यांचे दिग्दर्शन आणि विजय तेंडुलकर यांचे लेखन. 1970 च्या दशकात तेंडुलकरांनी नेहरू फेलोशिप घेऊन समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता, आणि ती चिंतनाची बैठक या चित्रपटाला लाभली आहे. येथे अंधश्रद्धा हे अडाण्यांचे वेड म्हणून येत नाही. सत्ता, संपत्ती आणि म्हातारपणाचे भय यांच्या हातातले ते एक हत्यार आहे. बळी मागणारा देव नसून घरातल्या बैठकीवर बसलेला माणूस आहे, हे हा चित्रपट ठामपणे सांगतो आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे. परंतु त्याचा कॅमेरा त्या बैठकीवरून फारसा उठत नाही. मुली येतात त्या मरण्यासाठी. त्या कोणाच्या होत्या आणि संध्याकाळी त्यांची वाट कोणी पाहिली, हे आपल्याला कळत नाही. मानवतचे पहिले दार ते हेच: करविणाऱ्याच्या वाड्याचे दार.

दुसरे दार पोलीस चौकीचे. रमाकांत कुलकर्णी हे 1968 साली मुंबईत रामन राघव प्रकरणाचा छडा लावणारे अधिकारी. स्थानिक तपास थिटा पडला, खुनांची संख्या वाढत गेली, तेव्हा शासनाने मानवतची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. त्यांचे ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ हे पुस्तक 2004 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्याच आधारे आशीष बेंडे यांनी आठ भागांची ही मालिका दिग्दर्शित केली. कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर आहेत; मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांचेही अभिनय आहेत. अनासपुरे यांना विनोदाच्या चौकटीबाहेर काढणे हे दिग्दर्शकाचे यश मानावे लागेल. अतिनाट्य आणि भुताटकीचा बाजार यांच्या मोहात न पडणारा, संयमी स्वभावाचा एक अधिकारी मध्यभागी ठेवल्यामुळे मालिकेला भारदस्तपणा येतो, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही एक उणीव मनाला टोचत राहते. तपासाच्या कथेला प्रेत लागते. प्रेत सापडल्यावाचून अधिकारी येत नाही आणि अधिकारी आल्यावाचून कथा सुरू होत नाही. मग प्रत्येक मृत मुलगी ही पुढच्या दुव्याकडे नेणारी पायरी ठरते आणि प्रेक्षकही नकळत पुढच्या प्रेताची वाट पाहू लागतो. प्रेक्षकाला अशी वाट पाहावयास लावणे, ही केवळ एका मालिकेची चूक नव्हे. रहस्यकथा या प्रकाराच्या मुळातच असलेली ती नैतिक अडचण आहे.

म्हणजे दोन दारे उघडली गेली. तिसरे दार बंदच राहिले. ते आहे त्या घराचे, जिथून मुलगी बाहेर गेली. मुलगी न परतल्याची संध्याकाळ आणि प्रेत सापडल्याची सकाळ यांच्यामधला काळ चित्रपटात नाही, पुस्तकात नाही आणि मालिकेतही तो ओझरताच येतो. तो काळ सर्वस्वी त्या घराचा असतो. 1972 हे महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे वर्ष. पाण्यासाठी, सरपणासाठी, खडी फोडण्याच्या कामासाठी मराठवाड्यातल्या बाया आणि मुली त्या वर्षी मैलोन् मैल घराबाहेर होत्या. अशा दिवसांत एखादी मुलगी उशिरा आली तर आईने केव्हा घाबरावे? किती वेळाने शेजाऱ्याला हाक मारावी? या प्रश्नांतून मानवतची एक चौथी कृती जन्मास येऊ शकली असती. ती अद्याप लिहिली गेलेली नाही.

असे लिहिणे शक्य आहे काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर तेंडुलकरांनीच ‘आक्रीत’च्या सुमारास ‘कमला’ या नाटकात देऊन ठेवले आहे. दिल्लीतल्या एका पत्रकाराने स्त्रियांचा व्यापार उघड करण्यासाठी खरोखरच एक स्त्री विकत घेतली होती. त्या घटनेवर हे नाटक आधारलेले आहे. नाटकातली कमला थोडा वेळच रंगमंचावर असते. पत्रकार परिषदेत ती पुरावा म्हणून उभी केली जाते आणि नंतर तिची रवानगी आश्रमात होते. परंतु त्याआधी ती पत्रकाराच्या पत्नीला, सरिताला, एकच भोळा प्रश्न विचारते: तुला केवढ्याला घेतले? त्या प्रश्नाने सगळे घर हादरते. जिला विषय म्हणून आणले तिलाच बोलू दिले, एवढ्याने नाटकाची दिशा बदलली. हे औदार्य ‘आक्रीत’मधल्या मुलींच्या वाट्याला आले नाही.

आता कलाकृतींकडून कारभाराकडे वळतो, कारण शासनाची कथनपद्धतीही हीच आहे. तेही प्रेतापासून आरंभ करते. मानवतनंतर नरबळीविरुद्ध स्वतंत्र कायदा होण्यास 2013 साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर वटहुकूम म्हणून निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की, बालक हरवल्याची तक्रार आली तर अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. पुढे ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमांतून अनेक मुले घरी परतली. हे प्रयत्न मनापासून स्तुत्य आहेत. परंतु ते अठराव्या वर्षाशी येऊन थांबतात. अठरा वर्षांची झाल्यावर हरवलेली स्त्री ही गुन्ह्याच्या नोंदवहीत सहसा येत नाही. ती ‘बेपत्ता’ या वेगळ्या रकान्यात जाते.

त्या रकान्याचा आकार किती आहे? केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार 2019 ते 2021 या तीन वर्षांत महाराष्ट्रातून 1,78,400 स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील 13,033 मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. म्हणजे जिथे कायद्याची तातडी संपते, तिथे संख्या तेरा पटींहून अधिक आहे. यांतील पुष्कळजणी परत येतात, असे शासन सांगते आणि ते खरेही असावे. पण परत न आलेलीला या दिलाशाचा काय उपयोग?

सातारा जिल्ह्यातील वाईचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमाने 2003 पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप 2016 साली पुढे आला. त्या सहांत पाच स्त्रिया होत्या. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची एक पदाधिकारी नाहीशी झाली, तिच्या तपासातून आधीच्या हरवलेल्यांचा उलगडा झाला. आधीच्या स्त्रियांच्या हरवण्याच्या नोंदी सरकारी कागदावर होत्याच. तेरा वर्षे त्या एकमेकींशेजारी पडून होत्या. त्या एकत्र वाचणारे कोणी नव्हते. वाचन ही समीक्षकाची विद्या म्हणतात. ती पोलीस ठाण्यातही लागते.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे. धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. अशाच एका टोळीतून परतलेली एक माउली काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. फडावरून तिची लेक नाहीशी झाली होती. “फादर, अर्ज लिहून द्या,” एवढीच तिची विनंती. आम्ही ज्या ठाण्यात गेलो तेथे पहिला प्रश्न वयाचा झाला. बावीस म्हटल्यावर समोरच्या माणसाने पेन खाली ठेवले. “गेली असेल कुणाबरोबर, येईल.” फड दुसऱ्या जिल्ह्यात, तेव्हा तक्रार तिकडेच द्या, असेही सांगण्यात आले. त्या वेळी मी वाद घातला नाही, याची खंत मला आजही आहे. हद्दीचे कारण सांगून गुन्ह्याची नोंद नाकारू नये, ही तरतूद 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट शब्दांत आली आहे. मात्र हरवणे हा गुन्हाच मानला जात नसेल, तर ती तरतूद या माउलीच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

‘गेली असेल कुणाबरोबर’ हे वाक्य केवळ आपल्याकडचे नाही. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस या शहरात 1990 च्या दशकापासून शेकडो स्त्रियांचे खून झाले. नोव्हेंबर 2001 मध्ये तेथे कापसाच्या एका शेतात आठ स्त्रियांची प्रेते सापडली. त्यांतील तिघींच्या आया तक्रार घेऊन गेल्या होत्या, तेव्हा त्यांनाही प्रियकराचेच कारण ऐकावे लागले होते. 2009 साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या प्रकरणी मेक्सिको सरकारला दोषी ठरविले. त्या निर्णयाचा गाभा असा की, स्त्री हरवल्याचे कळल्यापासूनचे पहिले काही तास आणि दिवस हाच शासनाच्या कर्तव्याचा काळ होय. प्रेत सापडल्यानंतरची कार्यक्षमता ही त्याची भरपाई नव्हे. त्या न्यायालयाने तिसरे दार उघडले, असे मी म्हणेन.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. सज्ञान स्त्रीला घर सोडण्याचा अधिकार आहे. जातीबाहेर लग्न करून गेलेल्या मुलीला ‘बेपत्ता’ ठरवून, पोलिसांकरवी ओढून आणणारे आईबाप आपल्या समाजात आहेत. आपल्या धर्मग्रामांतही आहेत. म्हणून शोधणे आणि परत आणणे यांत भेद केला पाहिजे. शोधाचा प्रश्न एवढाच असावा: ती जिवंत आहे का, आणि जिथे आहे तिथे स्वतःच्या इच्छेने आहे का? उत्तर होकारार्थी मिळाले की पत्ताही न सांगता नोंद बंद करावी. परंतु उत्तर मिळेपर्यंत ती बंद करू नये.

शास्ते या पुस्तकात इफ्ताहाच्या मुलीची कथा आहे. बापाच्या नवसापायी तिचा बळी गेला. पवित्र शास्त्राने तिचे नाव नोंदविलेले नाही. मात्र इस्राएलाच्या कन्या दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करीत, हे नोंदविले आहे. नाव राहिले नाही, तरी तिची जागा रिकामी आहे हे लक्षात ठेवणाऱ्या स्त्रिया होत्या. मानवतच्या मुलींना असे चार दिवस मिळाले नाहीत. त्यांना आठ भाग मिळाले, आणि तेही त्यांच्या मारेकऱ्यांच्या शोधाचे.

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेने आईच्या दर्शनाला चालत जाणाऱ्यांची रांग आमच्या गावावरून जाते. त्याच वाटेवरच्या एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर हरवलेल्या स्त्रियांची पत्रके चिकटविलेली असतात: रंग सावळा, उंची पाच फूट, अंगात हिरवी साडी. पावसाने त्यांतले चेहरे पुसट होतात आणि वर्णन तेवढे शिल्लक राहते. त्या माउलीच्या लेकीचे पत्रकही तेथे होते. तिचा अर्ज माझ्याच अक्षरात आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.