अधिकार, हक्क आणि अखत्यारी

इंग्रजी कायद्यांतील 'ज्युरिस्डिक्शन' हा शब्द मराठींत कसा आणावा, हा प्रश्न वरवर पाहतां कोशकारांचा व भाषांतरकारांचा आहे. आणि ज्यांस कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग आलेला नाहीं, अशा सुदैवी वाचकांस तो कदाचित् कोरडाहि वाटेल. परंतु सरकारी परिभाषेनें या शब्दासाठीं स्वीकारलेला 'अधिकारिता' हा प्रतिशब्द केवळ कानास खटकतो एवढ्यासाठीं आम्ही ही टीका लिहीत नाहीं. त्या शब्दामुळें एक महत्त्वाची कल्पनाच मराठी मनांतून निसटत चालली आहे, असें आम्हांस वाटतें.

मूळ लॅटिन शब्दाचा धात्वर्थ 'न्याय सांगणें' असा आहे. न्याय कोणीं सांगावा, कोठल्या प्रदेशापुरता सांगावा, किती रकमेपर्यंत सांगावा आणि कोणत्या बाबतींत सांगावा, या सर्व प्रश्नांचें उत्तर त्या एका शब्दांत सामावलें आहे. म्हणजे शब्द सत्तेचा खरा, पण त्याचा सगळा भर सत्तेच्या मर्यादेवर. विषयाच्या बाबतींत ही मर्यादा ओलांडून दिलेला निकाल कितीहि शहाणपणाचा असो, कायद्याच्या दृष्टीनें तो निकालच नव्हे. असा हुकूमनामा मुळांतच शून्यवत् होय, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं किरणसिंग विरुद्ध चमन पासवान या खटल्यांत स्पष्ट शब्दांत सांगितलें आहे.

महाराष्ट्रास या शब्दाची पहिली मोठी ओळख झाली ती पेशवाई बुडून पुरीं दहा वर्षें लोटलीं होतीं तेव्हां. पुण्याच्या मोरो रघुनाथ या अल्पवयी मुलास त्याच्या वडीलधाऱ्या नातलगानें अडकवून ठेविलें आहे, अशी तक्रार १८२८ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें आली. मुलास हजर करण्याविषयीं कोर्टानें हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तो बजावूं दिला नाहीं. सुप्रीम कोर्टाची सत्ता मुंबई बेटापुरती, पुण्याच्या सरदार घराण्यांशीं त्याचा संबंध काय, असें त्यांचें म्हणणें. त्याच वर्षीं कोर्टाचे दोन न्यायाधीश वारले. मागें राहिलेले सर जॉन पीटर ग्रांट इतके चिडले कीं, १८२९ च्या एप्रिलांत त्यांनीं कोर्टच बंद ठेविलें. ग्रांटसाहेबांच्या दोहों बाजूंस दोन नवे न्यायाधीश बसवितांना विलायतेंतील लॉर्ड एलनबरो यांनीं माल्कम यांस लिहिलेल्या पत्रांत दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानहत्तीची उपमा दिली, ती त्या काळीं फार गाजली. अखेर प्रिव्ही कौन्सिलानें कोर्टाविरुद्ध निर्णय दिला. मुलगा सुखांत होता कीं दुःखांत, हा प्रश्न या सर्व धामधुमींत बाजूसच राहिला. भांडण होतें तें 'हें विचारणारे तुम्ही कोण' एवढ्याच गोष्टीचें. हा प्रश्न न्यायाधीशासहि विचारतां येतो, ही गोष्ट आपल्याकडील लोकांस नवी असली पाहिजे.

आतां 'अधिकार' या शब्दाकडे वळूं. संस्कृतांत हा शब्द मर्यादेवांचून कधीं फिरत नसे. पाणिनीच्या व्याकरणांत अधिकारसूत्राचा अंमल पुढच्या सूत्रांवर चालतो, पण तो कोठपर्यंत हें ठरलेलें असतें. मीमांसकांच्या शास्त्रांत अधिकार म्हणजे अमुक कर्म करण्याची पात्रता. मराठींत मात्र या शब्दानें आपलें कुंपण मोडलें. आम्ही 'मतदानाचा अधिकार' म्हणतों, 'कलेक्टरचे अधिकार' म्हणतों, 'अधिकारी पुरुष' म्हणतों आणि 'अधिकारवाणी' असेंहि म्हणतों. प्रजेचा हक्क, सरकारची सत्ता आणि साधूची योग्यता हीं तिन्ही एकाच शब्दाच्या पोटांत गेलीं. अशा शब्दास 'ता' हा प्रत्यय लावून जो नवा शब्द बनविला, त्यानें मर्यादा दाखवावी अशी अपेक्षा करणें म्हणजे चाळणीनें पाणी भरणें होय.

हक्क आणि सत्ता यांची अशी मिसळ झाली म्हणजे काय होतें, हें रत्नागिरी जिल्ह्यानें पिढ्यान् पिढ्या भोगलें आहे. खोत हा सरकारचा वसूल करणारा मधला इसम, कीं गांवाचा मालक? दापोली तालुक्यांतील मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या गाढ्या कायदेपंडितानें खोतांच्या मालकीची बाजू आपलें सर्व पांडित्य खर्चून मांडली. सरकारास ती संपूर्ण मान्य नव्हती. आणि १८८० च्या खोती कायद्यानें या वादांतून एक तडजोड काढली. वसुलाची सत्ता हीच घराण्याची मिळकत होऊन बसली, म्हणजे सत्तेची हद्द कोणतीं तें कुळानें विचारावयाचें कोणास? डॉ. आंबेडकरांनीं १९३७ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें, आणि १९४९ च्या कायद्यानें ती पद्धति गेली. पद्धति गेली तरी सत्तेस मिळकत समजण्याची खोड गेली आहे असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

'अधिकारक्षेत्र' हा दुसरा प्रतिशब्द कांहींजण सुचवितात. तो अर्धा बरा आहे. प्रदेशाची मर्यादा त्यानें दिसते. पण वाचकाची समजूत तेवढ्यावरच थांबते, आणि कोंकणांत ही अर्धी समजूत फार महाग पडते. जमीन रत्नागिरींत, वादी रत्नागिरीचा, दिवाणी न्यायालयहि रत्नागिरीचें. तरी अमुक इसम त्या जमिनीचें कूळ आहे कीं नाहीं, हा मुद्दा त्या न्यायालयास ठरवितां येत नाहीं. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ७० नें तो मामलेदाराकडे सोंपविला आहे, कलम ८५ नें दिवाणी न्यायालयास त्यापासून दूर ठेविलें आहे, आणि दाव्यांत असा मुद्दा निघाल्यास तो मामलेदाराकडे पाठवावा असें कलम ८५-अ सांगतें. येथें क्षेत्राचा कांहींच प्रश्न नाहीं. साक्षीपुरावे होऊन वर्षें गेल्यावर 'हें येथें चालणार नाहीं' असें ऐकणारा पक्षकार न्यायाधीशासच दोष देत घरीं जातो. कारण समोर बसलेल्या साहेबास 'अधिकार नाहीं' हें वाक्य त्यास समजतच नाहीं. साहेब आहे आणि अधिकार नाहीं, असें कसें होईल?

सरकारी भाषेंतहि या बाबतींत एकवाक्यता नाहीं. संविधानाच्या मराठी पाठांत 'मूलभूत हक्क' असा नेमका शब्द आहे. हिंदी पाठांत त्याच जागीं 'मूल अधिकार' आहे. २००५ चा माहितीविषयक कायदा मराठींत 'माहितीचा अधिकार' या नांवानें रूढ झाला, तर महाराष्ट्राचा स्वतःचा २०१५ चा कायदा 'लोकसेवा हक्क अधिनियम' म्हणवितो. दुसरें नांव निःसंशय सरस. नागरिकाकडे हक्क असावा आणि अधिकाऱ्याकडे अधिकार, एवढी वांटणी तरी भाषेनें सांभाळावयास नको काय?

यावर कोणी म्हणेल कीं, हक्क हा शब्द अरबी, आणि आम्ही ज्याचा पुरस्कार करणार तो 'अखत्यारी' शब्दहि अरबीच. हा आक्षेप रत्नागिरीकरांच्या तोंडीं शोभतोहि. कारण भाषाशुद्धीची चळवळ सावरकरांनीं चालविली ती याच गांवांतून. १९२४ ते १९३७ या काळांत रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर सरकारी परवानगीवांचून पाऊल टाकण्याची त्यांस मनाई होती. सत्तेची मर्यादा व मर्यादेची सत्ता या दोहोंचा अनुभव त्यांच्याइतका कोणास असेल? दिनांक, क्रमांक, महापौर हे त्यांच्या चळवळीनें रूढ केलेले शब्द आज आपण निःशंकपणें वापरतों, आणि त्यांचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्या शब्दांनीं कोणत्याहि कल्पनेचा बळी घेतला नाहीं. तारखेऐवजीं दिनांक आला म्हणून दिवस बदलला नाहीं. 'अखत्यारी' काढून 'अधिकारिता' आणली कीं मर्यादा जाते, ही हानि मात्र निराळ्या जातीची आहे.

अखत्यारीचा मूळ अरबी अर्थ 'निवड' किंवा 'मर्जी' असा आहे, हें खरें. पण मराठीनें त्याला आपलें वळण लाविलें. मराठी माणूस हा शब्द बहुधा 'अखत्यारींत' किंवा 'अखत्यारीबाहेर' असाच उच्चारतो. म्हणजे आंत आणि बाहेर यांची रेघ त्या शब्दाबरोबरच उमटते. पोलीस ठाण्याची 'हद्द' जशी आबालवृद्धांस कळते तशीच ही. हद्द शब्दानें फक्त जमीन मोजतां येते. अखत्यारीनें रक्कमहि मोजतां येते, विषयहि मोजतां येतो. अधिकारितेचे कैवारी म्हणतात कीं त्यांच्या शब्दास विशेषणें सहज जोडतां येतात. 'अपिलाची अखत्यारी', 'मूळ दाव्याची अखत्यारी' असें म्हणावयास कोणती अडचण आहे, तें आम्हांस कळलें नाहीं.

१९९८ च्या जुलैंतील अधिसूचनेनें कांहीं अपवाद वगळून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणें इंग्रजीच आहे. तेव्हां खालच्या न्यायालयांत मराठींत मांडलेली हरकत अपिलांत इंग्रजींत जाणारच. तेथें 'ज्युरिस्डिक्शन' शब्द बिनचूक लिहिला जाईल, त्याची काळजी नाहीं. काळजी आहे ती खालीं रत्नागिरीस वा राजापुरास दाव्याच्या अर्जावर सही करणाऱ्या वादीची. 'या न्यायालयास प्रस्तुत दाव्याबाबत अधिकारिता आहे' या वाक्याखालीं तो आज न समजतां सही करतो. 'हा दावा या न्यायालयाच्या अखत्यारींत येतो' असें लिहिलें, तर तो सही करण्यापूर्वीं वकिलास निदान एवढें तरी विचारील कीं, 'येतो ना नक्की?'