हरिभाऊंची शंका

कादंबरी हा इतिहासाच्या त्रैमासिकाचा विषय नव्हे, असा आक्षेप येईल, कै. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या बाबतींत तो आम्हांस मान्य नाहीं. परकें लेखन वाचूनच त्यांची लेखणी घडली. विद्यार्थिदशेंतच त्यांनीं आगरकरांच्या 'विकारविलसित' या हॅम्लेटच्या भाषांतरावर सविस्तर टीका लिहिली; 'मधली स्थिति' (१८८५) ही तर रेनॉल्ड्सच्या वळणावर गेली. दुसऱ्याचें असें तोलणाऱ्यास स्वतःविषयीं शंका न वाटती तरच नवल! 'पण लक्षांत कोण घेतो' या नांवांतला प्रश्न आम्ही एकट्या यमूचा समजत नाहीं. तो ग्रंथकाराचाही आहे. यमूचें कुंकू पुसलें जातें, केशवपन होतें. पण तें वाचून कोणाचें मन हललें, हें लिहिणाऱ्यास कोठून कळावें? १९१२ सालीं अकोल्यास त्यांस संमेलनाचें अध्यक्षपद मिळालें खरें. परंतु मान मिळणें निराळें आणि लक्षांत घेतलें जाणें निराळें. ही कादंबरी 'करमणूक' पत्रांत क्रमशः आली. ते अंक कोणत्या घरीं जपले गेले, समासांत कोणी काय लिहिलें, हाच त्या प्रश्नाच्या उत्तराचा अस्सल पुरावा. बखरींसाठीं केमसारख्या कुंकवाच्या गांवीं (ता. करमाळा) जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकांनीं त्यांखालीं असे अंक आढळल्यास ते रद्दींत घालूं नयेत.