विहिरीचा मालक कुठे गेला?

उपनगरातल्या बालपणाच्या आठवणी मी हावरटासारख्या वाचतो. विहीर, रहाट, पाडलेल्या चिंचा, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास, सगळं असतं. विहिरीचा मालक तेवढा नसतो.

लॉरी ली यांचं ‘सायडर विथ रोझी’ (१९५९) वाचल्यापासून हे जास्तच टोचतं. इंग्लंडमधल्या स्लॅड या खेड्यातलं ते बालपण. लिहिलंय गोड, मला तर जरा जास्तच गोड वाटतं. पण न्यूझीलंडहून पैसा कमावून आलेल्या माणसाला गावच्याच पोरांनी मारलं, तो मेला, आणि गावाने तोंड मिटून घेतलं, हेही त्यात आहे. गाव म्हटलं की गावाचं पाप आलंच की!

आमचं बोरिवली १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आलं. त्याआधी एक्सर होतं, वझिरा होतं. एक्सरच्या वीरगळांवर तर समुद्रातली लढाई कोरलीय, इतकं जुनं गाव! तरी आठवणींत उपनगर सुरू होतं लेखकाचे वडील बिऱ्हाड घेऊन आले त्या दिवशी. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन माणसं येतात ती पाटी घेऊन दारात, मासळीपुरती.

आमच्याकडे येणारी मावशी जिन्यात टेकून म्हणायची, “ही तुमची बिल्डिंग हाय ना, तितं आमचं भात व्हायचं.” भात किती व्हायचं, जमीन कितीला गेली, कागदावर अंगठा कुणाचा, एवढं सांगणारं पुस्तक मला हवंय. तिच्याच बोलीत असलं तर उत्तम.