निकाल, मथळा आणि सरंजाम

वादांत प्रतिपक्षाला गप्प बसवावयाचें असलें म्हणजे शास्त्राची आठवण व्हावी, आणि शास्त्र अडचणीचें बोलूं लागलें कीं रूढीचा आश्रय घ्यावा, ही आपली संवय जुनी आहे. शास्त्राची ती जागा हल्लीं वृत्तपत्रांच्या स्तंभांत आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांत 'आंतरराष्ट्रीय कायद्या'नें पटकावली आहे. कोठें दोन राष्ट्रांत खटका उडाला कीं प्रतिपक्षानें आंतरराष्ट्रीय कायदा मोडला असें दोन्हीकडचे कैवारी एकाच सुरांत सांगतात. कोणता करार, त्यांतील कोणतें कलम, आणि तें त्या राष्ट्रावर बंधनकारक कां, हे प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचेंच उदाहरण घेऊं. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी असलेल्या या महाराष्ट्रीय गृहस्थांना पाकिस्ताननें २०१६ सालीं अटक केली, आणि एप्रिल २०१७ मध्यें तेथील लष्करी न्यायालयानें हेरगिरी व दहशतवादाच्या आरोपांवरून त्यांना देहान्ताची शिक्षा सुनावली. भारतानें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे दाद मागितली. १७ जुलै २०१९ रोजीं निकाल लागला, आणि आमच्याकडे विजयाचे नगारे वाजले. पण त्याच निकालाबद्दल पाकिस्तानच्या पंतप्रधानांनींही समाधान व्यक्त केलें. कारण जाधव यांना न्यायालयानें निर्दोष ठरविलें नव्हतें, सोडण्यासही सांगितलें नव्हतें. एकाच निकालावर दोन जयस्तंभ!

दोघेही सर्वस्वी खोटें बोलत होते असें नाहीं, हीच यांतली मौज. सोळांपैकीं पंधरा न्यायाधीशांनीं, पाकिस्ताननें १९६३ च्या व्हिएन्ना कराराचें छत्तिसावें कलम मोडलें, असा स्पष्ट निर्णय दिला. हा भारताचा खरा आणि मोठा विजय. परंतु शिक्षा रद्द करावी, जाधव यांना मुक्त करून स्वदेशीं पाठवावें, ह्या भारताच्या मागण्या न्यायालयानें मान्य केल्या नाहींत. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार पाकिस्ताननें स्वतः निवडलेल्या मार्गानें करावा, आणि तोंवर फांशी स्थगित असावी, एवढेंच सांगितलें. आमच्या बहुतेक मथळ्यांत 'स्थगिती' हा शब्द होता, तो खोटा नव्हता. पण वाचणाऱ्याच्या मनांत त्याची 'सुटका' केव्हां झाली हें त्यालाही कळलें नाहीं.

भाषेचा दोष येथें थोडा नाहीं. छत्तिसावें कलम परदेशांत पकडलेल्या माणसाला स्वदेशाच्या वाणिज्यदूताशीं बोलण्याचा हक्क देतें. त्याचें मराठी कोणी 'राजनैतिक संपर्क' केलें, कोणी 'वकिलातीची मदत'. पहिला शब्द चुकीच्या दिशेस नेतो, कारण हा दूत राजकारण करण्यासाठीं नसून आपल्या नागरिकांची विचारपूस करण्यासाठीं असतो. दुसरा शब्द खरा, पण पेशवाईंत दरबारीं राहणारा वकील आतां विस्मृतींत गेला असून वकील म्हटला कीं काळा डगलाच डोळ्यांपुढें येतो. परिणाम असा कीं जाधव यांना कोर्टांत वकील मिळाला नाहीं एवढाच खटला होता, असें मानणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस आजही भेटतात. वकील नेमून देणें हें दूताच्या कामांपैकीं एक खरें. परंतु आपला माणूस कोठें आहे आणि त्याच्यावर आरोप काय, हें स्वदेशाला कळणें ही मूळ गोष्ट.

'फेरविचार' हा शब्द तर त्याहून जपून वाचावयास हवा होता, कारण त्याच्या मागें इतिहास आहे. २००४ सालीं मेक्सिकोनें अमेरिकेविरुद्ध आणलेल्या खटल्यांत याच न्यायालयानें, याच कलमाच्या भंगासाठीं, पन्नासाहून अधिक कैद्यांच्या शिक्षांचा फेरविचार करण्यास सांगितलें होतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ च्या मार्चमध्यें ठरविलें कीं काँग्रेसनें कायदा केल्याखेरीज हेगचा निकाल देशांतील न्यायालयांवर बंधनकारक होत नाहीं. आणि त्याच वर्षीं ५ ऑगस्टला टेक्सस संस्थानानें त्यांपैकीं मेदेयीन नांवाच्या कैद्याला देहान्त दिला. ही हकीकत ज्याला ठाऊक, त्याला २०१९ च्या त्या रात्रीं नगारे वाजवितांना हात आखडता घ्यावासा वाटला असता. आमच्या चर्चांत मात्र भारताच्या वकिलांनीं मानधन म्हणून एकच रुपया घेतला, याचेंच कौतुक अधिक झालें. त्यागाचें कौतुक करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं.

हेगचें न्यायालय दोन्ही पक्षांची संमति असेल तरच खटला ऐकतें, हेंही सांगावयास हवें होतें. भारतानें १९९९ सालीं पाकिस्तानचें नौदली विमान पाडलें, तेव्हां पाकिस्तान याच न्यायालयांत गेलें होतें; आणि 'न्यायालयास अधिकारच नाहीं' हा भारताचा आक्षेप २००० च्या जूनमध्यें चौदाविरुद्ध दोन मतांनीं मान्य झाला होता. २०१७ सालीं व्हिएन्ना कराराच्या जोडकरारावर दोन्ही देशांची संमति होती, म्हणून दार उघडलें.

याहून जुनें आणि आम्हां मराठी माणसांस अधिक जवळचें उदाहरण दमणचें आहे. दादरा व नगरहवेली १९५४ सालीं पोर्तुगिजांच्या हातून गेल्यावर, दमणहून तेथें जाण्याचा आपला हक्क भारतानें अडविला अशी फिर्याद पोर्तुगालनें १९५५ च्या डिसेंबरांत हेगला केली. या खटल्यांत पुरावा म्हणून आला तो पुणें दरबाराचा १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा! बारा हजार रुपये वसुलाचीं गांवें पोर्तुगिजांना दिलीं, तीं राज्य म्हणून कीं सरंजाम म्हणून, हा वाद पडला. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क, भूमीचें स्वामित्व नव्हे, हा अर्थ न्यायालयानें स्वीकारला. कोणा मराठी कोशकारास आपल्या शब्दाचा एवढा सन्मान स्वप्नांतही दिसला नसेल. पण गोष्ट येथें संपत नाहीं, आणि आमच्याकडे ती नेहमीं येथेंच संपविली जाते. मराठ्यांनीं स्वामित्व दिलें नसलें तरी पुढें इंग्रजांनीं तें व्यवहारांत मान्य केलें, असें न्यायालयानें म्हटलें. आणि १२ एप्रिल १९६० रोजीं तीन भागांत निकाल दिला. खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना नेण्याआणण्याचा हक्क पोर्तुगालला होता, हें अकराविरुद्ध चार मतांनीं. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रें यांना तो नव्हता, हें आठविरुद्ध सात मतांनीं. आणि भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, हें नऊविरुद्ध सहा मतांनीं. एक मत इकडचें तिकडे झालें असतें तर मधला निकाल फिरला असता. अशा निकालाचें वर्णन 'जिंकलों' किंवा 'हरलों' ह्या एका क्रियापदांत कसें करावयाचें?

वृत्तपत्राला वेळ नसतो, जागा नसते, हा बचाव आम्ही पुष्कळदां ऐकला आहे. जाधव खटल्याच्या निकालाचा आज्ञार्थक भाग शेवटच्या एका परिच्छेदांत आहे. त्याचें मराठी भाषान्तर अर्ध्या स्तंभांत बसेल, आणि न्यायालय आपले निकाल फुकट प्रसिद्ध करतें. त्या परिच्छेदास अनुसरून सप्टेंबर २०१९ मध्यें भारतीय दूताची जाधव यांच्याशीं भेट झाली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें पाकिस्तानच्या संसदेनें फेरविचाराचा अर्ज तेथील उच्च न्यायालयांत करतां यावा असा कायदा केला. तो कायदा पुरेसा आहे कीं केवळ देखावा आहे, हा वाद घालण्याजोगा होता; पण तोंवर नगारेवाले दुसऱ्या वरातींत गेले होते.